आलं तसं पाठवलं

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे एक आदिवासी गाव आहे. १ जुलै २०१८ पूर्वी हे नाव खुद्द धुळे शहरातल्याही पुष्कळांनी ऐकले नसावे. त्या दिवशी, रविवारच्या आठवडे बाजारात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि जीव जाईपर्यंत मारले. पाचांपैकी बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. मारहाणीचे चित्रण झाले, आणि ज्या वाटेने अफवा आली होती त्याच वाटेने ते चित्रणही गावोगाव गेले.

पुढच्या आठवडाभरात ह्या घटनेविषयी महाराष्ट्राचे एक मत तयार झाले. ‘व्हॉट्सअॅपने पाच बळी घेतले’ असे ते थोडक्यात मांडता येईल. बातम्यांचे मथळे, नेत्यांची निवेदने, चौकातल्या गप्पा ह्या सगळ्यांत वाक्याचा साचा तोच होता. आमची हरकत ह्या साच्याला आहे. त्यात कर्त्याच्या जागी एक यंत्र बसवलेले आहे, आणि कर्त्याची जागा यंत्राने घेतली की माणसांना मागच्या दाराने निघून जाता येते. ह्या लेखाचा हेतू त्या निघून गेलेल्या माणसांची चौकशी करण्याचा आहे. ती माणसे राईनपाड्याची नाहीत. ती धुळ्याला, जळगावला, नाशिकला, पुण्याला राहतात. बहुधा पदवीधर असतात. आणि त्यांच्या तोंडी एकच बचाव असतो : ‘आम्ही काय केलं? आलं तसं पाठवलं.’

प्रथम यंत्राविषयी. आम्हाला कुठल्या कंपनीची वकिली करायची नाही. परंतु अफवेला पाय फुटण्यासाठी खिशातला फोन लागतो ही समजूत आपल्याच अनुभवाला धरून नाही. २१ सप्टेंबर १९९५ ह्या दिवशी गणपती दूध पितो ही वार्ता सकाळी दिल्लीकडून निघाली आणि दुपारपर्यंत देशभरातल्या, इतकेच काय परदेशातल्याही देवळांपुढे वाट्या-चमचे घेऊन रांगा लागल्या. तेव्हा साधन होते घरचा नाहीतर कोपऱ्यावरच्या एस्टीडी बूथमधला टेलिफोन. त्याच्याही पंचवीस वर्षे आधी, ७ मे १९७० रोजी भिवंडीत दंगल पेटली आणि दुसऱ्याच दिवशी जळगावात माणसे मारली गेली. भिवंडी आणि जळगाव ह्यांच्यामध्ये शेकडो किलोमीटरचे अंतर आहे. ते अंतर वार्तेने, आणि वार्तेबरोबर आलेल्या भीतीने व सूडाने, एका रात्रीत कापले. भिवंडी, जळगाव आणि महाड इथल्या त्या दंगलींची चौकशी पुढे न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. तात्पर्य, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवून दुसऱ्यावर हात टाकण्याची परंपरा खानदेशात काय किंवा इतरत्र काय, मोबाइलच्या आधीची आहे.

मग नवे काय आहे? ह्या प्रश्नाला लगेच उत्तर मिळते ‘वेग’ असे. आम्हाला हे उत्तर उलटे वाटते, आणि ते का, हे खानदेशातल्याच दुसऱ्या एका घटनेवरून स्पष्ट व्हावे. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोरा तालुक्यात, माहेजी आणि परधाडे ह्या स्थानकांच्या दरम्यान, लखनौहून मुंबईकडे निघालेल्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, घाबरलेली माणसे शेजारच्या रुळांवर उतरली आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडली. बाराहून अधिक माणसे गेली. आग नव्हतीच. इथे अफवा तोंडातून कानात गेली आणि कानातून थेट पायांत. डब्यातल्या माणसाजवळ विचार करायला होते काही सेकंद. आग खरी असती आणि तो बसून राहिला असता तर जळाला असता. ह्या माणसांना कोण दोष देईल?

आता राईनपाड्याशी ताडून पाहावे. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे संदेश त्या भागात बाजाराच्या दिवसापूर्वी कित्येक दिवस फिरत होते. देशाच्या इतर भागांत तर ते मे महिन्यापासून, म्हणजे जवळजवळ दोन महिने फिरत होते. संदेश लिखित होता. तो साठवून ठेवता येत होता, पुन्हा वाचता येत होता, चार माणसांना दाखवता येत होता, पोलीस ठाण्यात नेता येत होता. डब्यातल्या आरोळीला जी सवड नसते ती ह्या अफवेला भरपूर होती. तेव्हा नवी गोष्ट वेग ही नव्हे. सवड असून, कागदासारखा पुरावा हातात असून, त्या सवडीचा काहीच उपयोग कुणी केला नाही, ही नवी गोष्ट आहे. परधाड्याची अफवा घाबरलेल्या माणसांनी पसरवली. टोळीची अफवा सोफ्यावर बसलेल्या, मुळीच न घाबरलेल्या माणसांनी पसरवली. घबराटीला मिळणारी माफी त्यांना कशी लागू होणार?

ह्यावर दुसरा सोयीस्कर आरोपी पुढे केला जातो. तो म्हणजे अडाणी आदिवासी. राईनपाडा प्रकरणात काही दिवसांतच वीसहून अधिक जणांना अटक झाली. ज्यांनी मारले त्यांनी मारलेच; त्यांच्या बाजूने आम्ही एक शब्दही बोलणार नाही, आणि कुठलाही संदेश वाचून आलेला माणूस खुनाच्या जबाबदारीतून सुटत नाही. परंतु ‘शिक्षण नाही म्हणून असे होते’ हा जो सुस्कारा त्या दिवसांत शहरी घरांतून टाकला गेला, तो तपासून घ्यायला हवा.

त्या महिन्यांत देशभर फिरलेली एक चित्रफीत आठवून पाहा. मोटारसायकलवरून दोन माणसे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलांतून एकाला उचलतात आणि पसार होतात. ही फीत मुळात कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन ह्या संस्थेच्या जनजागृतीसाठी बनवलेली होती. तिच्या शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला सोडतात आणि एक फलक उघडून कराचीत हरवणाऱ्या मुलांविषयीचा मजकूर दाखवतात. भारतात फिरली ती ह्या शेवटाविना. शेवट आपोआप गळून पडत नाही. कुणीतरी बसून तो कापला. दुसरे एक छायाचित्र होते ओळीने ठेवलेल्या मुलांच्या मृतदेहांचे. ते २०१३ साली सीरियातल्या रासायनिक हल्ल्यात मेलेल्या मुलांचे होते. त्याला भारतातल्या टोळीची कहाणी जोडली गेली. मग ही सामग्री भाषेमागून भाषा ओलांडत गेली : हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड, मराठी. प्रत्येक भाषेच्या उंबरठ्यावर कुणीतरी भाषांतर केले, आपल्या जिल्ह्याचे नाव घातले, ‘पोलिसांनी कळवले आहे’ अशी पुस्ती जोडली, उद्गारचिन्हे वाढवली. निरक्षर माणसाला ह्यातले काहीही करता येत नाही. राईनपाड्याच्या बाजारात जी काठी उगारली गेली ती निरक्षर हातात असेल. तिची घडाई मात्र साक्षरांची होती.

आणि हे केवळ निर्मितीपुरते नाही. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक ह्यांना जमावाने ठार केले. त्याही भागात चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या. घटनेची चित्रफीत बाहेर येताच शहरांतल्या सुशिक्षितांनी तिला धार्मिक रंग दिला आणि मारणारे अमुक धर्माचे होते असे परस्पर ठरवून टाकले. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख ह्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादीच प्रसिद्ध करावी लागली आणि त्यांत एकही मुसलमान नाही हे सांगावे लागले. पहिली अफवा पाड्यांवर पसरली, तिच्या मागे निदान टाळेबंदीतल्या रात्रींचे भय होते. दुसरी अफवा वातानुकूलित खोल्यांतून पसरली. तिच्या मागे भय नव्हते. आधीपासून तयार असलेल्या एका मताला पुरावा मिळाल्याचे समाधान होते. दोहोंपैकी अडाणी कोणती, हे वाचकांनीच ठरवावे.

तर मग हे मत बनते कसे? ‘व्हायरल’ ह्या शब्दाने ह्या प्रश्नाचे मोठे नुकसान केले आहे. रोगजंतू माणसाच्या इच्छेविना शरीरात शिरतो. संदेश कुणीतरी बोटाने पुढे ढकलल्याशिवाय एक इंचही हलत नाही. प्रत्येक वेळी एक माणूस एक निर्णय घेत असतो. तो निर्णय कसल्या हिशोबाने घेतला जातो हे पाहिले, तर लोकमताचा कारखाना बराचसा उघडा पडतो.

पहिला हिशोब खबरदारीचा. ‘खरे-खोटे माहीत नाही, पण काळजी घेतलेली बरी.’ हे वाक्य वरवर किती निरुपद्रवी आहे! पाठवणाऱ्याचा युक्तिवाद असा : बातमी खरी असेल तर कुणाचे तरी मूल वाचेल, खोटी असेल तर कुणाचे काय बिघडले? ह्या त्रैराशिकात एक राशी सोयीस्करपणे गाळलेली आहे. खोटी असेल तर ज्या माणसाचे वर्णन त्या बातमीत बसते त्याचे बिघडते. अनोळखी चेहरा, मळके कपडे, खांद्यावर झोळी, मुलाकडे पाहून हसणे एवढ्या भांडवलावर तो टोळीतला ठरतो. पाठवणाऱ्याच्या घरी असा माणूस नसतो, म्हणून हा खर्च त्याला दिसत नाही. खबरदारी पाठवणाऱ्याची, किंमत दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे. ‘कुणाचे काय बिघडले’ ह्या प्रश्नाचे उत्तर मंगळवेढा तालुक्यात विचारावे.

दुसरा हिशोब ओळखीचा. संदेश कुणी लिहिला हे आपल्याला ठाऊक नसते, पण तो पाठवला कुणी हे पक्के ठाऊक असते. शाळेतले सर, डॉक्टर भाऊजी, सोसायटीचे चिटणीस, नात्यातल्या मावशी. त्यांची आयुष्यभराची पत त्या निनावी मजकुराला फुकटात मिळते. पूर्वी गावात बातमी सांगणाऱ्याला ‘तुला कुणी सांगितलं?’ असे विचारत आणि तो नाव सांगे. नाव सांगता आले नाही तर बातमीची किंमत तिथल्या तिथे उतरे. आता हा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे झाले आहे, कारण तो बातमीला न लागता सरांनाच लागतो.

तिसरा हिशोब संख्येचा, आणि इथे आम्हाला धुळ्याच्याच एका थोर रहिवाशाची आठवण होते. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे ह्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे धुळ्यात काढली, ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्या शहरात उभे राहिले. १८९८ साली निघालेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडापासून त्यांनी महाराष्ट्राला एक शिस्त शिकवली : बखर कितीही रसाळ असो, अस्सल कागद कुठे आहे ते दाखवा. कागद कुणाच्या दप्तरातला, कुणी लिहिलेला, कोणत्या दिवशी, कुणासाठी, हे ठरल्याशिवाय त्यावर विधान उभे करू नका. ह्या शिस्तीतली एक प्राथमिक गोष्ट अशी की एकाच मूळ प्रतीवरून उतरवलेल्या दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. ती एकच साक्ष, दहा वेळा लिहिलेली. नातेवाइकांच्या, कार्यालयाच्या आणि शाळासोबत्यांच्या अशा तीन समूहांवर तोच संदेश आला की आपण म्हणतो, ‘तीन ठिकाणांहून आलंय, काहीतरी असणारच.’ आलेले असते एकाच ठिकाणाहून, तीन दारांनी. राजवाड्यांच्या शहराभोवतालच्या मुलखात, त्यांच्या पश्चात ब्याण्णव वर्षांनी, ज्याचे दप्तर नाही, कर्ता नाही, तिथी नाही अशा मजकुरावरून पाच माणसांचा निवाडा झाला, ही गोष्ट आपल्याला पुरेशी टोचली आहे असे आम्हाला वाटत नाही.

चौथा हिशोब मौनाचा, आणि आमच्या मते सर्वांत वजनदार. शंभर माणसांच्या समूहावर दोघे जण एखादी भडक गोष्ट पाठवतात. अठ्ठ्याण्णव गप्प बसतात. त्या अठ्ठ्याण्णवांपैकी निम्म्यांना ती खोटी वाटत असेल. पण वडीलधाऱ्यांना कशाला दुखवा, वाद कशाला, आपल्याला काय करायचे असा विचार करून प्रत्येक जण पुढे सरकतो आणि उरलेले सत्त्याण्णव सहमत आहेत असे समजतो. अशा रीतीने दोघांचे मत शंभरांचे दिसू लागते. मग दिसते तसेच ते हळूहळू होतही जाते. ज्याला आपण लोकमताचा रेटा म्हणतो त्याचा बराचसा भाग अशा न मोजलेल्या मौनाचा असतो. म्हणून ‘मी काही पाठवत नाही, नुसता वाचतो’ हा बचावही आम्हाला मान्य नाही.

ह्या चारही हिशोबांना जमीन लागते, आणि ती तयार होती. मराठी घरांतून मुलांना जेवू घालताना, झोपवताना कुणाचे भय घातले जाते? बागुलबुवाचे, झोळीवाल्याचे. झोळीत घालून नेणारा तो भटका माणूस आपल्या मनात फोनच्या फार आधीपासून वस्तीला आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून ह्या भयाला सरकारी शिक्का दिला : अमुक जमातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार, त्याने हजेरी द्यावी, परवान्याविना हलू नये. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा रद्द केला. पण कायद्याच्या पुस्तकातून पुसलेली ओळ मनातून पुसली गेली नाही, आणि तिचा डाग त्या यादीपुरताही राहिला नाही. वस्तीबाहेर पाल टाकणाऱ्या प्रत्येकाला तो लागला. डवरी गोसाव्यांचा समाज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे. डवर वाजवत, भैरवनाथाचे नाव घेत, दारोदार भिक्षा मागणे ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. अनोळखी गावात जाणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याला ‘अनोळखी माणसांपासून सावध’ हा संदेश म्हणजे मृत्युपत्रासारखा आहे. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात देशभर जे मारले गेले त्यांत भिक्षेकरी, फिरस्ते, परप्रांतीय मजूर, फेरीवाले ह्यांचाच भरणा होता. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या चांदगाव इथे, राईनपाड्याच्या आधी महिनाभरही झाला नव्हता तोच जमावाने दोघांना मारले होते. त्रिपुरात तर २८ जूनला, अफवांवर विश्वास ठेवू नका असे ध्वनिक्षेपकावरून सांगत फिरण्यासाठी सरकारनेच नेमलेल्या माणसाला जमावाने ठार केले. अफवेचे खंडन करणारा अनोळखी असला तर तोही अफवेतच बसतो, ह्याहून भयंकर प्रत्यंतर कोणते हवे?

कायदा काय म्हणतो? भारतीय दंड संहितेचे कलम ५०५ अफवा पसरवून लोकांत भय निर्माण करणाऱ्याला शिक्षा सांगत होते. त्याला एक अपवाद होता : मजकूर खरा मानायला वाजवी कारण असेल आणि तो सद्‌भावनेने, तसा हेतू नसताना पसरवला असेल, तर गुन्हा नाही. ‘आलं तसं पाठवलं’वाल्यांना हा अपवाद आपल्यासाठीच केलेला वाटेल. पण त्याच संहितेचे कलम ५२ त्यांनी वाचलेले नसते. योग्य दक्षता आणि लक्ष ह्यांविना केलेली कोणतीही गोष्ट सद्‌भावनेने केली असे म्हणता येणार नाही, असे त्यात सांगितले होते. ही व्याख्या १८६० सालची आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती कायम आहे. हेतू चांगला होता एवढ्याने सद्‌भावना सिद्ध होत नाही. काळजी घेतली होती काय, हा प्रश्न त्यात अंगभूत आहे. ‘काळजी घ्या’ असे इतरांना सांगणाऱ्याने पाठवण्यापूर्वी स्वतः कोणती काळजी घेतली?

तरीही हे सारे पोलिसांवर सोपवावे असे आम्हाला वाटत नाही. पोलिसांच्या हाती असे अधिकार दिले की काय होते, हे पालघरनेच नोव्हेंबर २०१२ मध्ये दाखवले. बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर साधा प्रश्न विचारल्याबद्दल एका तरुणीला, आणि तिचे म्हणणे पसंत केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. ज्या कलम ६६-अ खाली असल्या अटका होत ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, हे योग्यच झाले. मत मांडणाऱ्याला पकडायचे आणि विष पसरवणाऱ्याचा माग लागत नाही म्हणून हात झटकायचे, असा हा दुहेरी न्याय आम्हाला नको आहे. १७ जुलै २०१८ रोजी, तहसीन पूनावाला प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीविषयी राज्यांना सविस्तर निर्देश दिले आणि स्वतंत्र कायद्याची शिफारस केली. न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये, पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम अन्य कारणावरून केलेल्या खुनाची वेगळी तरतूद आता आहे. योगायोग असा की ती लागू होण्याचा दिवस राईनपाड्याचा सहावा स्मृतिदिन होता. पण केवळ ‘अनोळखी दिसला’ म्हणून मारलेला भिक्षेकरी ह्या यादीतल्या कोणत्या कारणात बसवायचा, ह्याचे उत्तर ‘तत्सम अन्य’ ह्या दोन शब्दांवर सोडलेले आहे.

यंत्राकडूनही काही झाले नाही असे नाही. जुलै २०१८ मध्येच कंपनीने पुढे ढकललेल्या संदेशांवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. ह्या उपायांनी ओघ मंदावला असेल. तो मंदावणे इष्टच आहे. परंतु १३ सप्टेंबर २०२२ रोजी सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारे समजून मारहाण झालीच. ते वाचले, एवढाच काय तो फरक. खूण पाहून थांबणारा माणूस घडवणे कंपनीच्या हाती नाही.

मग हाती काय आहे? प्रत्येकाने राजवाडे व्हावे अशी अपेक्षा कुणी करणार नाही. पण त्यांच्या शिस्तीतले तीन प्रश्न सातवीतल्या मुलालाही विचारता येतात : हे कुणी लिहिले, केव्हा लिहिले, आणि त्याने स्वतः पाहिले काय? पळवलेल्या मुलाचे नाव नाही, गावाचे नाव नाही, तक्रार कोणत्या ठाण्यात ते नाही, असा मजकूर जिथे आला तिथेच मरू द्यावा. बहिणाबाईंचे नाव लावणारे विद्यापीठ जळगावात आहे, राजवाड्यांचे मंडळ धुळ्यात आहे, साने गुरुजींनी जिथे शिकवले ते अमळनेर मधल्या वाटेवर आहे. ह्या मुलखातल्या शाळा-महाविद्यालयांतून कागदाची पारख शिकवणे अशक्य नाही. आणि खंडन करायचे तर ते कचेरीच्या मराठीत करून भागणार नाही. अफवा माणसाच्या बोलीत येते. अहिराणी, भिली, कोकणी बोलणाऱ्या वस्तीत खंडनही त्याच बोलीत, ओळखीच्या तोंडून, बाजाराच्या दिवशी जायला हवे.

ह्याहून महत्त्वाची मागणी मात्र आमची पाठवणाऱ्यांकडे आहे, आणि ती अगदी छोटी आहे. खोटे ठरलेले जे काही तुम्ही पाठवले असेल ते जिथे पाठवले तिथेच, त्याच माणसांपुढे, आपल्या नावाने मागे घ्या. गुपचूप पुसून टाकू नका. ‘मी पाठवलेले ते खोटे होते’ असे लिहा. वर्तमानपत्रे चूक झाली की आतल्या पानावर का होईना दुरुस्ती छापतात. लाखो घरांतून रोज बातम्या वाटणाऱ्या माणसांना मात्र दुरुस्तीचे बंधन कुठलेच नाही, आणि शरम तर त्याहून नाही. असे मागे घेणे सुरू झाले तर दोन गोष्टी होतील. पाठवण्याला किंमत येईल, कारण उद्या मागे घ्यावे लागेल ह्या विचाराने बोट थबकेल. आणि त्या अठ्ठ्याण्णवांना धीर येईल, कारण सर चुकू शकतात हे खुद्द सरांनीच सांगितलेले असेल.

राईनपाड्याच्या घटनेनंतर मुले पळवणाऱ्या टोळीचे किती संदेश खानदेशात अशा रीतीने नावानिशी मागे घेतले गेले? आमच्या पाहण्यात एकही नाही. पाच माणसांचे रक्त सांडल्याची बातमी मात्र पुढच्या काही तासांत त्याच समूहांवर आली, हळहळ व्यक्त करणारी चिन्हे तिच्याखाली लागली, आणि तीही आली तशी पुढे पाठवली गेली.